आमदारकीचा घाट

आमदार व्हायचंय ना? मग उद्या सकाळी साडेसातला घाटावर या. पांढरा शर्ट, पायात साधी चप्पल. रात्री उशिरा झोपला असाल तर उत्तमच, तांबारलेले डोळे तिथे शोभून दिसतात.

दहावा कोणाचा आहे हे गाडीतून उतरायच्या आत पीएला विचारून घ्या. आमच्याकडे एका इच्छुकाने मयताऐवजी त्याच्या थोरल्या भावालाच भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. भाऊ पहिल्या रांगेत टोपी सावरत ऐकत होता. भाषण मात्र चांगलं झालं असं तोही म्हणाला. पिंड मांडलेत, कावळा शिवत नाहीये, आणि दोन-तीनशे माणसं उठून जाता येत नाही म्हणून बसलीत. असा हुकमी श्रोता तुम्हाला पुढे विधानसभेतही मिळायचा नाही. तेव्हा माइक सोडू नका. कावळा एकदा शिवला की पब्लिक पांगतं.

आमदार कायदे करतो असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतं, तिकडे लक्ष देऊ नका. ‘साहेब, त्या विधेयकावर तुम्ही काय बोललात?’ असं आमदाराला विचारणारा मतदार मी आजवर पाहिलेला नाही. ‘आमच्या चुलत्याच्या दहाव्याला आला नाहीत’ हे मात्र बारा वर्षांनीही ऐकवतात, आणि तेही साखरपुड्याच्या पंगतीत.

तिकिटाआधी फ्लेक्स. वाढदिवस कोणाचाही असो, फोटो तुमचा, खाली ‘भावी आमदार’. हे ‘भावी’पण काही लोक पंचवीस वर्षं सांभाळतात. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि ती तुम्ही काटेकोर पाळणार आहातच. बाकीच्या जेवणावळी मित्रपरिवार घालतो. मित्रपरिवाराला मर्यादा नसते.

निवडून आलात की वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी तुमच्या हाती. त्यातून काय करायचं हा प्रश्नच नाही: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. खरी कला भूमिपूजनात आहे. आमच्या गल्लीतल्या दोनशे मीटर रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं. चुन्याने आखलेला चौकोन, नव्या कुदळीला सॅटिनची रिबीन, बाजूला पेढ्यांचा पुडा उघडून उभा असलेला ठेकेदार. दुसऱ्या खेपेला रस्त्यात आयताच खड्डा होता, त्यामुळे साहेबांना कुदळ मारायचे कष्ट पडले नाहीत, त्यांनी ती फक्त टेकवली. फोटो झाला. रिबीन सोडून घडी करून गाडीत ठेवली गेली, पुढच्या गावाला लागणार होती.

अधिवेशनात तारांकित प्रश्न, लक्षवेधी वगैरे प्रकार असतात. हौस असेल तर करा. पण सभागृहात तुम्ही मुद्द्यावर येता येता घंटी वाजते. विधानभवनाच्या पायऱ्यांवर घंटी नाही, कॅमेरे आहेत. गळ्यात कांद्याची माळ घालून तिथे बसा, संध्याकाळच्या बातम्यांत याल. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संत्र्यांची घालता येते आणि नंतर खाताही येते.

आता मुख्य धडा, पक्ष. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. तेव्हा एक तृतीयांश आमदार घेऊन निघालात तर ती फूट ठरायची आणि चालायची. २००३ मध्ये ती सोय काढली, उरलं दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. मथितार्थ एवढाच, की एकट्याने उडी मारली तर गद्दारी, घोळक्याने मारली तर वैचारिक भूमिका. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याकडचा शिवसेनेतला घोळका सुरतेला गेला, तिथून गुवाहाटीला, मग गोव्याला. अपात्रतेचा निकाल यायला १० जानेवारी २०२४ उजाडलं. पक्ष दोन, व्हीप दोन, प्रतोद दोन, अपात्र शून्य. इतका कोणालाच न दुखावणारा निकाल सोसायटीच्या पाण्याच्या भांडणातही लागत नाही.

जाताना कारण सांगावं लागतं. ते ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’. दुसरं कुठलंही सांगू नका, लोक गोंधळतात.

त्या गुवाहाटीतूनच सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचा ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हा फोन महाराष्ट्राने पाठ केला. त्याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, १९६२ पासून, कायम शेतकरी कामगार पक्षाकडून, आणि प्रवास एसटीने. असला नमुना डोळ्यांसमोर ठेवू नका, तो सिलॅबसच्या बाहेरचा आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांत माणसाला एकदाही विकासासाठी कुठे जावंसं वाटलं नाही म्हणजे काय! गंमत अशी, की २०२४ ला सांगोलेकरांनी बापूंना घरी बसवलं आणि गणपतरावांच्या नातवाला निवडून दिलं, त्याच जुन्या पक्षाकडून. एखादा मतदारसंघ असतो असा बिनसलेला. त्यावरून अभ्यासक्रम बदलत नाहीत.

मंत्रिपदाचं गणित आधीच करून ठेवा. आमदार २८८, मंत्री पंधरा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४३. कोट मात्र शंभरेक जण शिवून घेतात. यादीत नाव नाही आलं तर दोन दिवस मोबाइल बंद ठेवावा, यालाच नॉट रिचेबल म्हणतात. तिसऱ्या दिवशी महामंडळ मिळतं, नाहीतर मोबाइल आपणहून सुरू होतो.

आणि पडलातच, तरी विधान परिषद आहे. राज्यपालनियुक्त १२ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी असतात. वेळीच एखादा कवितासंग्रह काढून ठेवायला काय हरकत आहे? नोव्हेंबर २०२० ला महाविकास आघाडी सरकारने पाठवलेली बारा नावांची यादी ते सरकार पडेपर्यंत राजभवनात तशीच होती, तेव्हा कविता जरा जास्त लिहा, वेळ जातो.

तेही नाही जमलं तर पेन्शन आहे. गाडीच्या काचेवरचं ‘आमदार’ खरवडू नका, काच खराब होते. आमच्याकडच्या एका साहेबांनी त्याच्या डोक्यावर ‘माजी’ लिहून घेतलंय, नखाएवढं. मागच्या आठवड्यात टोलनाक्यावरच्या पोराने ते वाचायला मान काचेजवळ नेली, तेव्हा साहेबांनी काच खाली घेऊन विचारलं, ‘काय रे, घरी सगळे बरे आहेत ना? आजोबा?’

पोराने सांगितलं, आजोबा गेले.

‘कधी?’ साहेबांनी विचारलं, आणि मागे वळून पीएला म्हणाले, ‘दहावा लिहून घे.’