जाड फ्युएल रेलने ताकद वाढत नाही

‘मूळ फ्युएल रेल काढून जाड बोअरची ॲल्युमिनियम रेल बसवली की पिकअप वाढतो,’ असा मेसेज फिरतोय. फ्युएल रेल म्हणजे इंजेक्टरना (पेट्रोल फवारणाऱ्या नोझलना) पेट्रोल पुरवणारी नळी; बोअर म्हणजे तिचं आतलं भोक. नुसत्या रेलने तसं होत नाही. किती पेट्रोल जायचं ते इंजेक्टरचा आकार, तो उघडा राहण्याचा वेळ (हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो) आणि दाब यांवर ठरतं. पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारतात) हा दाब साधारण 3 ते 4 बार. मोठे इंजेक्टर, टर्बो असेल तर जाड रेल दाबाचे हेलकावे कमी करते, तेवढ्यापुरती ती कामाची.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत मात्र घरी बनवलेल्या रेलचा विचारही नको. तिथे दाब 100 बारच्या वर असतो. आणि रेलमधली ओ-रिंगची (सांध्यातली गळती रोखणाऱ्या रबरी कडीची) खाच ओबडधोबड राहिली, तर पेट्रोल गरम इंजिनवर गळतं. मेसेजमध्ये हे सोयीस्कर वगळलंय!