“हजार माणसांना विचारून ब्रिटनचं मत कसं कळणार?” एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

ब्रिटनमधल्या जनमत चाचणीचा नवा आकडा आला की मराठी गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: सुमारे ४ कोटी ८० लाख मतदारांच्या देशात हजार जणांना विचारून काहीच कळत नाही. चाचण्या घेणाऱ्या कंपन्या पैसे देणाऱ्याला हवा तो आकडा काढून देतात. १९९२, २०१५, २०१७ आणि २०२४ मध्ये त्या तोंडावर आपटल्या. जिथे ३४ टक्के मतांना ४११ जागा मिळतात तिथे टक्केवारी विचारून उपयोग काय? लोक खिसा पाहून मत देतात, तेव्हा विकासदर आणि महागाई पाहिली की निकाल कळतो. नेत्यांच्या लोकप्रियतेचे आकडेही असेच पोकळ. आणि शेवटची ओळ: “ब्रिटिश भारतीय मजूर पक्षाला सोडून गेले, चाचणीतच आलंय.”

यात काही गोष्टी खऱ्या आहेत. पण चाचण्या जिथे भक्कम आहेत तिथे हा संदेश हल्ला करतो, आणि जिथे त्या खरोखर कच्च्या आहेत ती जागा त्याला दिसतच नाही.

“हजार माणसं फार थोडी”

नमुन्याची अचूकता देशाच्या लोकसंख्येवर अवलंबून नसते, किती जणांना विचारलं यावर असते. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निवडलेल्या १,००० जणांत एखाद्या पक्षाला ३० टक्के आले, तर खरा आकडा १०० पैकी ९५ वेळा २७ ते ३३ च्या दरम्यान असतो. मतदार पन्नास लाख असोत की पाच कोटी, हे गणित तेच राहतं. २,००० जणांना विचारलं तर फरक सुमारे २ टक्क्यांवर येतो. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो, म्हणून नेहमीच्या चाचण्या हजार ते दोन हजारांवर थांबतात.

गफलत होते ती आघाडी वाचताना. एका पक्षाला २८ आणि दुसऱ्याला २५ टक्के असतील तर मथळा येतो, “३ टक्क्यांची आघाडी”. पण या आघाडीतली संभाव्य चूक ३ टक्के नसून साधारण साडेचार आहे, कारण एकाचं मत वाढलं की बहुतेक वेळा दुसऱ्याचं घटलेलं असतं. म्हणजे दोघं बरोबरीत असण्याची शक्यताही या आकड्यात बसते. मागच्या आठवड्याच्या चाचणीशी तुलना करून “आघाडी दोनने घटली” म्हणायचं असेल तर दोन्ही चाचण्यांची चूक एकत्र धरावी लागते. एकाच संस्थेच्या तीन-चार चाचण्या सलग एकाच दिशेने सरकल्या तरच हालचाल मानावी.

शिवाय मथळ्यातले टक्के बहुधा हजारांचे नसतातच. समजा १,००० पैकी १५० जण म्हणाले “ठरलं नाही” आणि १०० म्हणाले “मत देणार नाही”. मग पक्षांची टक्केवारी उरलेल्या ७५० वर काढली जाते. न ठरवलेल्यांना काही संस्था सरळ वगळतात, तर काही त्यांच्या मागच्या मतावरून आणि वयावरून पक्षांमध्ये वाटतात. एकाच आठवड्यात दोन संस्थांच्या आघाडीत चार-पाच टक्क्यांचा फरक दिसतो, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

“पैसे देईल त्याचा आकडा”

ब्रिटिश पोलिंग कौन्सिल ही संस्था २००४ पासून आहे आणि तिथल्या बहुतेक परिचित चाचणी संस्था तिच्या सदस्य आहेत. सदस्याची चाचणी प्रसिद्ध झाली की दोन कामकाजी दिवसांत पूर्ण तक्ते खुले करावे लागतात: पैसे कोणी दिले, कोणत्या तारखांना विचारलं, किती जणांना, कोणत्या पद्धतीने, आणि प्रश्नाचे नेमके शब्द. एखाद्या पक्षाने खासगीत घेतलेल्या चाचणीतला आकडा जाणूनबुजून वर्तमानपत्राला पुरवला, तरी हा नियम लागू होतो. त्यातून, राजकीय चाचण्या हा या कंपन्यांच्या उत्पन्नाचा छोटा हिस्सा आहे. पोट भरतं साबण, विमा आणि बँकांच्या बाजार-संशोधनावर. निवडणुकीत सर्वांसमोर चुकणं त्यांना परवडत नाही.

खरी लबाडी मतांच्या प्रश्नात क्वचितच असते. ती धोरणांवरच्या प्रश्नांत असते. “आरोग्यसेवेसाठी जास्त खर्च करावा का?” याला भरघोस होकार मिळतो. “त्यासाठी तुमचा आयकर वाढवावा का?” असं विचारलं की होकार आटतो. दबावगटाने पैसे देऊन घेतलेल्या चाचणीची बातमी वाचताना तक्ता उघडून आधीचे दोन प्रश्नही पाहावेत. उत्तर पुष्कळदा तिथेच पेरलेलं असतं. आणि प्रसिद्धीच्या तारखेपेक्षा विचारणीच्या तारखा महत्त्वाच्या. २३ सप्टेंबर २०२२ ला तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पौंडांच्या करकपातीचा ‘मिनी-बजेट’ मांडला. त्याच महिन्याच्या २८-२९ तारखांना युगव्ह या चाचणी संस्थेने विचारलं तेव्हा मजूर पक्ष ५४ आणि हुजूर पक्ष २१ वर होता. असा आठवडा असेल तर पाच दिवस जुनी चाचणी शिळी ठरते.

“दरवेळी तोंडावर आपटतात”

हा मुद्दा गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण चारही वेळा चूक एकसारखी नव्हती, आणि नमुना लहान होता म्हणून तर ती एकदाही झाली नाही.

१९९२ मध्ये शेवटच्या चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला एखाद्या टक्क्याने पुढे दाखवत होती. प्रत्यक्षात पंतप्रधान जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी जिंकला. चौकशीत तीन कारणं निघाली: काही मतदार शेवटच्या दिवसांत फिरले, कोणत्या गटातल्या किती जणांना विचारायचं हा कोटा ठरवायला वापरलेली समाजाच्या रचनेची माहिती जुनी होती, आणि हुजूर समर्थक उत्तर द्यायलाच जास्त नकार देत होते.

२०१५ ची चूक सर्वांत शिकण्यासारखी आहे. शेवटच्या चाचण्यांत दोन्ही पक्ष बरोबरीत, निकालात हुजूर ३७.७ आणि मजूर ३१.२. ही चूक तपासणाऱ्या पॅट्रिक स्टर्जिस यांच्या चौकशी समितीने २०१६ मध्ये दिलेला निष्कर्ष स्पष्ट होता: नमुन्यात माणसंच चुकीची आली होती. ऑनलाइन पॅनेलवर नाव नोंदवणारा किंवा फोन पटकन उचलणारा तरुण राजकारणात सरासरी तरुणापेक्षा जास्त रस घेणारा असतो. पासष्टीच्या पुढच्यांना एका मोठ्या वयोगटात टाकलेलं होतं, आणि त्या गटात पंचाहत्तरी ओलांडलेले फारच थोडे होते.

इथे भारांकन, म्हणजे कमी सापडलेल्या गटाची उत्तरं वाढवून मोजणं, कसं चालतं ते पाहायला हवं. समजा देशाच्या प्रमाणात १,००० मध्ये १८ ते २४ वयाचे १०५ जण हवेत, पण सापडले ७०. मग त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर दीडपट मोजतात. ते सत्तर जण त्या वयाच्या लोकांचा खरा मासला असतील तर काम फत्ते. ते सगळे राजकारणवेडे असतील तर त्यांचा वेडेपणाच दीडपट मोजला जातो आणि तक्त्यात वयोगटाचं प्रमाण मात्र अगदी बरोबर दिसतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं वरवरची घेतली तर तळाला लागलेलं कळत नाही. निवडणुकीनंतर घरोघर जाऊन, यादृच्छिक निवडलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा खेटे घालून केलेल्या पाहण्यांमध्ये हुजूर पक्षाची आघाडी बरोबर दिसली. अशा पाहणीला महिने लागतात आणि खर्च प्रचंड येतो, म्हणून प्रचाराच्या धामधुमीत ती करता येत नाही.

त्याच निवडणुकीत सर्व्हेशन या संस्थेने मतदानाच्या आदल्या दिवशी फोनवर घेतलेल्या चाचणीत हुजूर ३७, मजूर ३१ असा आकडा आला होता, म्हणजे जवळपास निकालच. इतरांपेक्षा फार वेगळा म्हणून तो छापला गेला नाही. निकालानंतर संस्थेच्या प्रमुखांनी हे स्वतःच जाहीर केलं. कळपाबाहेर दिसण्याची ही भीती चाचण्यांचा खरा शत्रू आहे. शेवटच्या दिवशी दहा संस्थांचे आकडे एका टक्क्यात बसत असतील तर सावध व्हावं, कारण निव्वळ योगायोगानेसुद्धा त्यांच्यात याहून जास्त फरक पडायला हवा.

२०१७ मध्ये उलटं झालं. २०१५ ची चूक दुरुस्त करताना अनेक संस्थांनी तरुणांच्या मतदानाची शक्यता फार खाली धरली. शेवटच्या चाचण्यांत हुजूर आघाडी १ पासून १३ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती, प्रत्यक्षात ती सुमारे अडीच निघाली. १ टक्का सांगणारी संस्था सर्व्हेशनच होती. या वेळी त्यांनी आकडा दाबला नाही. २०१९ मध्ये चाचण्या चांगल्याच जुळल्या, पण संदेशात ते वर्ष नाही.

२०२४ मध्ये मजूर पक्षाला सरासरी ३८-३९ टक्के दाखवले होते, मिळाले ३४.७. हुजूर पक्ष २२ च्या आसपास दाखवला होता, मिळाले २४.४. (हे आकडे उत्तर आयर्लंड वगळून आहेत, कारण नेहमीच्या चाचण्या तिथे घेतल्याच जात नाहीत. वाहिन्यांवर दिसलेला ३३.७ हा आकडा संपूर्ण युनायटेड किंग्डमचा. दोन्हींची सरमिसळ करून चाचण्यांची चूक एका टक्क्याने फुगवलेली पुष्कळदा दिसते.) कोण जिंकणार हे बरोबर आलं, किती फरकाने ते चुकलं. आणि जवळपास सगळ्या संस्था एकाच बाजूला चुकल्या. सरासरी काढल्याने एकेकट्या चाचणीतला डळमळीतपणा जातो, पण सगळे एकाच दिशेला कललेले असतील तर सरासरीही कललेलीच राहते. संदेश लिहिणाऱ्याने आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यायला हवा होता.

“३४ टक्क्यांना ४११ जागा, मग टक्केवारी कशाला?”

ही तक्रार मतदान पद्धतीबद्दल आहे, चाचण्यांबद्दल नाही. ६५० मतदारसंघांत ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, ही पद्धत भारतीय वाचकाला समजावून सांगायला नको. २०२४ मध्ये रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतांवर ५ जागा मिळाल्या, लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्क्यांवर ७२. पहिल्या पक्षाची मतं देशभर पातळ पसरलेली होती, दुसऱ्याने मोजक्या मतदारसंघांत सगळा जोर लावला. २०१५ मध्ये युकिप या पक्षाला १२.६ टक्क्यांवर एकच जागा मिळाली आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७ टक्क्यांवर ५६.

म्हणूनच जागांसाठी एमआरपी हे वेगळं तंत्र वापरतात. हजारो, बहुधा दहा हजारांहून जास्त लोकांना विचारायचं. वय, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, मागचं मत यांवरून कोणत्या प्रकारचा माणूस कोणाला मत देतो याचं प्रतिमान बसवायचं. मग जनगणनेतून प्रत्येक मतदारसंघात तसे किती लोक आहेत ते काढून जागा मांडायच्या. २०१७ मध्ये युगव्हच्या या प्रतिमानाने त्रिशंकू संसद सांगितली आणि ती खरी ठरली. पण २०२४ मध्ये युगव्हने मजूर पक्षाला ४३१ जागा दिल्या आणि सर्व्हेशनने ४८४. मतटक्क्यातली दोन-तीन टक्क्यांची चूक जागांमध्ये पन्नास-साठवर जाते. एमआरपीचा रंगीत नकाशा पाहून आपल्या नातेवाइकाच्या मतदारसंघाचा निकाल ठरवू नये. तिथले प्रत्यक्ष विचारलेले मतदार मोजकेच असतात.

“विकासदर आणि महागाई पाहिली की झालं”

१९९७ मध्ये अर्थव्यवस्था वाढत होती आणि हुजूर पक्ष १६५ जागांवर आला. मतदार १६ सप्टेंबर १९९२ विसरले नव्हते. त्या एका दिवसात व्याजदर १० वरून १२ वर नेला गेला, १५ ची घोषणा झाली, आणि संध्याकाळी पौंड युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे दर ठरावीक मर्यादेत बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर काढावा लागला. अर्थव्यवहार नीट सांभाळणारा पक्ष हा हुजूर पक्षाचा लौकिक त्या दिवशी गेला तो पुढची वाढही परत आणू शकली नाही.

२०२४ चं उदाहरण तर ताजं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्क्यांवर गेलेली महागाई मे २०२४ मध्ये २ टक्क्यांवर आली, तरी सरकार गेलं. महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असं नव्हे, त्या फक्त हळू वाढू लागल्या. त्यातून ब्रिटनमध्ये गृहकर्जाचा व्याजदर बहुतेकदा दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधलेला असतो. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ झाला. २ लाख पौंडांचं २५ वर्षांचं कर्ज २ टक्क्यांनी घेतलेलं असेल तर हप्ता सुमारे ८४८ पौंड. मुदत संपून तेच कर्ज साडेपाच टक्क्यांवर गेलं तर जवळपास १,२२८. दरमहा ३८० पौंडांचा हा खड्डा महागाईच्या आकड्यात दिसत नाही, आणि तो प्रत्येक घरात वेगवेगळ्या महिन्यात पडतो.

म्हणून लोकांना विचारावंच लागतं. जीएफके या बाजार-संशोधन संस्थेचा ग्राहक-विश्वास निर्देशांक पाच प्रश्नांवर बेतलेला आहे: गेल्या आणि येत्या वर्षातली घरची आर्थिक स्थिती, गेल्या आणि येत्या वर्षातली देशाची, आणि मोठी खरेदी करायला हा काळ बरा आहे का. सप्टेंबर २०२२ मध्ये तो उणे ४९ वर गेला, १९७४ पासूनचा नीचांक. देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता हे इप्सॉस ही चाचणी संस्था १९७४ पासून विचारते आणि पर्याय वाचून दाखवत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे स्थलांतर पहिल्या क्रमांकावर होतं. मात्र “देशापुढचा” ऐवजी “तुमच्या घरापुढचा” प्रश्न विचारला की स्थलांतर खाली सरकतं आणि राहणीमानाचा खर्च वर येतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. मथळ्यात कोणता प्रश्न आहे ते पाहिलं नाही तर वाचणारा फसतो.

“नेत्यांचे आकडे पोकळ”

पोकळ नाहीत, पण वेगवेगळे आहेत. कामगिरीवर समाधानी आहात का, व्यक्तीबद्दल मत चांगलं आहे का, आणि दोघांपैकी चांगला पंतप्रधान कोण, हे तीन निराळे प्रश्न आहेत. तिसऱ्यात पदावर असलेल्याला आपोआप थोडा फायदा मिळतो. १९७९ मध्ये पंतप्रधान जेम्स कॅलहन विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांच्यापेक्षा व्यक्तिशः लोकप्रिय होते, निवडणूक थॅचर जिंकल्या.

“ब्रिटिश भारतीय मजूर पक्षाला सोडून गेले”

हजार माणसं थोडी म्हणणारा संदेश इथे तीस माणसांवर विसंबतो. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये भारतीय वंशाचे लोक ३.१ टक्के आहेत. हजारांच्या चाचणीत ते तीसेक येतात आणि चूक १८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. न ठरवलेले वगळले तर आणखी कमी उरतात. स्कॉटलंडच्या रकान्याचंही तेच, तिथे ८०-८५ जण असतात आणि चूक १० टक्क्यांच्या वर. या समाजाचं मत जाणून घ्यायचं तर केवळ त्यांच्यासाठी आखलेली, किमान काही शेकड्यांची पाहणी हवी. त्यात भारतीय नागरिकही धरायला हवेत, कारण तिथे कायदेशीर राहणारा राष्ट्रकुल देशाचा नागरिक संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. व्हिसावर गेलेला पुण्या-नाशिकचा अभियंताही त्यात आला.

पुरावा म्हणून भारतीय वंशाचे बरेच मतदार असलेल्या लेस्टर ईस्ट मतदारसंघाचं नाव घेतलं जातं. २०२४ मध्ये हुजूर पक्षाने दुसऱ्या पक्षाकडून जिंकलेली ती एकमेव जागा. तिथे शिवानी राजा एक-तृतीयांशाहून कमी मतांवर निवडून आल्या. मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवारासमोर त्याच मतदारसंघाचे त्या पक्षाचे दोन माजी खासदार उभे होते: क्लॉडिया वेब आणि गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ. त्या दोघांच्या मतांची बेरीज राजा यांच्या विजयी फरकापेक्षा जास्त होती.