'भारतीय कंपनीचंच घ्या, नाहीतर अनुदान परत'

मार्च जवळ आला की माटुंगा-दादरकडच्या खरेदी विभागांत एक फॉरवर्ड हमखास फिरतो : "केंद्राच्या अनुदानातून फक्त भारतीय कंपनीचा माल घ्यायचा, कितीही महाग असला तरी. नाहीतर पैसे परत." बिचारे प्रयोगशाळावाले घाबरून जातात.

यात खरं एवढंच की नियम आहे. 2017चा 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देणारा खरेदी आदेश, 2020मध्ये सुधारलेला. केंद्राच्या योजनेचा पैसा राज्य सरकार किंवा महापालिका खर्च करत असली, तरी तो लागू होतो.

पण "भारतीय कंपनी" हा निकषच नाही. वस्तूच्या किमतीत देशातला वाटा किती, ते बघतात. 50 टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात, 20 ते 50च्या मधला दुसऱ्या वर्गात. म्हणजे परदेशी नावाचं, पण इथेच बनलेलं यंत्र पहिल्या वर्गात बसू शकतं. आणि लॅमिंग्टन रोडवरच्या डीलरने आयात मालावर आपलं बिल फाडलं, म्हणून तो माल स्वदेशी होत नाही. वाहतूक, बसवणी, विक्रीनंतरची सेवा हे खर्चही देशी वाट्यात धरता येत नाहीत. डीलर नेमके इथेच हात मारतात.

"कितीही महाग" हे तर साफ चूक. समजा, एकच यंत्र घ्यायचंय. सर्वांत कमी दर दुसऱ्या वर्गातल्याचा, 10 लाख. पहिल्या वर्गातल्याचा 11.5 लाख. फरक 20 टक्क्यांच्या आत, म्हणून त्याला विचारायचं : 10 लाखांत देतोस? हो म्हणाला तर ऑर्डर त्याची, नाहीतर मूळ एल-वनची, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याची. तिजोरीतून दोन्ही वेळा 10च लाख जातात. 12 लाखांच्या वर बोली लावणाऱ्याला ही संधीही नाही.

आणि 5 लाखांखालच्या खरेदीला हा आदेश लागूच नाही. (म्हणून 9 लाखांची ऑर्डर दोन तुकड्यांत काढायची अक्कल कुणी लढवू नये; तेही आदेशात मना आहे.)

राहिली शिक्षेची भीती. देशी वाट्याचं खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या पुरवठादाराला 2 वर्षांपर्यंत बाद करता येतं. त्यामुळे निविदेसोबत आलेलं ते प्रमाणपत्र नुसतं फायलीला लावू नका, वाचा.