लीफ्सवर एवढा राग का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही सत्तरच्या दशकापासून टोरंटोत आहात आणि टोरंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा बचावपटू सालमिंग याला त्यांच्या जुन्या मेपल लीफ गार्डन्स रिंकवर खेळताना पाहिलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. २०२५ मध्ये लीफ्सचा फ्लोरिडाविरुद्धचा पराभव आणि त्यानंतर संघातला मोठा खेळाडू मिच मार्नरचं जाणं यावर मी जे लिहिलं होतं, त्यावर तुम्ही चांगलंच फटकारलंय. दोन ओळींत आभार मानून ते मिटवणं मला पटेना.

तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. टोरंटो मेपल लीफ्स २०२५ पर्यंत सलग नऊ वर्षं प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, पोचले, बफेलो तोवर चौदा वर्षं पोचला नव्हता, त्यांच्या चाहत्यांना विचारा म्हणजे किंमत कळेल. टँपानेही धीर धरला आणि कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. मार्नरला तुमच्यासारख्या टीकाकारांनी घालवलं. आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्याला या खेळातलं कितीसं कळतं? आणि शेवटी, खरा चाहता हरल्यावरही पाठीशी उभा राहतो, एवढा त्रास होत असेल तर बघूच नका.

आधी नऊ वर्षांचं. आकडा खरा आहे आणि बफेलोच्या चाहत्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण त्याच नऊ वर्षांत लीफ्सने प्लेऑफच्या दोनच मालिका जिंकल्या, २०२३ मध्ये टँपाविरुद्ध आणि २०२५ मध्ये ओटावाविरुद्ध. त्याहून जास्त मला दुसरा हिशेब छळतो. मालिकेचा निकाल लावणारा शेवटचा सामना बघा. २०१९ बॉस्टन, एक गोल. २०२० कोलंबस, शून्य. २०२१ माँट्रियल, एक. २०२२ टँपा, एक. २०२३ फ्लोरिडा, दोन. २०२४ बॉस्टन, एक. २०२५ फ्लोरिडा, एक. सात वर्षांत सात सामने आणि मिळून सात गोल. हा तोच संघ, ज्याने २०२१-२२ च्या सीझनमध्ये सामन्यामागे साडेतीनहून अधिक गोल केले, ५४ सामने जिंकले आणि ११५ गुण मिळवून स्वतःच्या इतिहासातला विक्रम केला. ज्या खेळाडूंना गोल करण्यासाठीच पैसे मोजले, तेच निर्णायक रात्री थांबतात, आणि हे एकदा नव्हे तर वर्षानुवर्षं होतं. तेव्हा हे नशिबावर ढकलणं मला जमत नाही.

हरण्याचा मला राग नाही हे मात्र तुम्ही लक्षात घ्या. २०१३ च्या मे महिन्यात बॉस्टनमध्ये सातव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ ने पुढे होते. ५१ सेकंद उरले असताना बॉस्टनच्या बर्जरॉनने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोलही त्यानेच मारला. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण संघावर राग आला नाही. तो बेताचाच संघ होता आणि त्याने कुवतीपलीकडे जाऊन झुंज दिली होती. २०२२ ला टँपाकडून २-१ ने हरलो, तेव्हा समोर लागोपाठ दोन वर्षांचे विजेते होते. तेही मी गिळलं.

माझा राग सुरू होतो तो ३१ मे २०२१ पासून. करोनाचे दिवस, रिंक रिकामी, फक्त दोन्ही लस घेतलेल्या ५५० आरोग्य कर्मचाऱ्यांना आत सोडलं होतं. लीफ्स आणि माँट्रियल १९७९ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये भेटत होते. आपण मालिकेत ३-१ ने पुढे होतो. पहिल्याच सामन्यात कर्णधार टावारेस डोक्याला मार लागून स्ट्रेचरवरून बाहेर गेला होता, हे मान्य. पण बाकीचे होते ना? ऑस्टन मॅथ्यूज त्या सीझनला ५२ सामन्यांत ४१ गोल करून लीगमध्ये पहिला आला होता. सात सामन्यांच्या त्या मालिकेत त्याचा एक गोल. मार्नरचा एकही नाही. पाचवा आणि सहावा सामना ओव्हरटाइममध्ये गेला, सातवा ३-१ ने गेला. आणि उन्हाळ्यात वरून काय सांगण्यात आलं? हाच गट ठेवायचा, याच गटाबरोबर जिंकायचं. अध्यक्ष तेच, जनरल मॅनेजर तेच, प्रशिक्षक तेच, मॅथ्यूज, टावारेस, मार्नर आणि नीलँडर ही चौकडीही तीच.

आता त्याच शहरातली, त्याच इमारतीतली दुसरी गोष्ट आठवा. बास्केटबॉलचा संघ रॅप्टर्स आणि लीफ्स दोघांची मालक कंपनी एकच, मेपल लीफ स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंट. दोघेही खेळतात त्याच अरीनात, फक्त खाली कधी लाकूड असतं कधी बर्फ. रॅप्टर्स २०१६, २०१७ आणि २०१८ अशी तीन वर्षं लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडकडून हरले, त्यात शेवटच्या दोन वेळा तर ४-० ने. रॅप्टर्सचा तेव्हाचा अध्यक्ष मसाई उजिरीने काय केलं? वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेल्या ड्वेन केसीला निरोप दिला. ज्या डीमार डीरोझनने हे शहर सोडायचं नाही असं उघडपणे ठरवलं होतं, त्याला सॅन अँटोनिओला पाठवून कवाय लेनर्डला आणलं. लोक रडले, चिडले, उजिरीला कृतघ्न म्हणाले. वर्षभरात, जून २०१९ ला, रॅप्टर्स विजेते होते. असं धाडस केलं की कप मिळतोच असं मी म्हणत नाही. पण एकाच मालकाच्या दोन संघांपैकी एकाने तिसऱ्या पराभवानंतर दुखरा निर्णय घेतला आणि दुसऱ्याने तो चार वर्षं पुढे ढकलला. हा फरक तुमच्याही डोळ्यासमोर घडला.

टँपाचा तुमचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. २०१९ ला टँपाने ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना ४-० ने उडवलं. तरीही त्यांनी स्टॅमकोस, कुचेरोव, हेडमन, पॉइंट, व्हासिलेव्हस्की यांना हात लावला नाही, आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकले. हे अगदी बरोबर. पण मधल्या काळात त्यांनी काय केलं तेही बघा. पहिल्या फेरीतले ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, देऊन त्यांनी ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो यांना आणलं. दोघेही फार गाजलेले नव्हते, तिसऱ्या फळीत राबणारे गडी. पण समोरच्याला कोपऱ्यात दाबून धरायचं, पक, म्हणजे खेळातली चकती, हिसकावायचा, पेनल्टी असताना अंगावर शॉट झेलायचे, ही कामं त्यांनी केली. टँपाने मूळ गट ठेवला खरा, पण त्या गटाला जे कमी पडत होतं ते ओळखून विकत घेतलं. त्याला धीर म्हणत असाल तर माझी काही हरकत नाही.

लीफ्सला ते करता आलं नाही, कारण खिशात जागाच नव्हती. एनएचएलमध्ये, म्हणजे या हॉकी लीगमध्ये, २००५ पासून प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा आहे. कितीही श्रीमंत असा, तेवढ्यातच भागवायचं. फोर्ब्जच्या यादीत लीफ्स लीगमधला सर्वांत महाग संघ आहे, पण ती श्रीमंती संघ जमवताना कामाची नाही. २०१९-२० मध्ये ही मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरची होती. मॅथ्यूज, टावारेस, मार्नर आणि नीलँडर या चार फॉरवर्डचे मिळून ४ कोटींहून जास्त. म्हणजे साधारण निम्मे पैसे चौघांत. उरलेल्या निम्म्यात गोलरक्षक, सगळा बचाव आणि बाकीचे फॉरवर्ड. करोनामुळे ती मर्यादा पुढची काही वर्षं जवळजवळ गोठली, हे व्यवस्थापनाचं दुर्दैव होतं. ते मी नाकारत नाही. पण मर्यादा सगळ्यांसाठीच गोठली होती, टँपासाठीही.

याच पैशाच्या ओढाताणीच्या काळात, २०१९ च्या उन्हाळ्यात, नाझेम काद्री गेला. बॉस्टनविरुद्ध दोन वर्षं लागोपाठ डोकं फिरवून घेऊन तो निलंबित झाला होता, त्याचा राग मलाही आला होता. पण तो वर्षाला ४५ लाख डॉलरमध्ये मिळणारा, अंगावर जाऊन खेळणारा सेंटर, म्हणजे मधोमध खेळणारा फॉरवर्ड, होता. कोलोरॅडोने त्याला घेतलं आणि २०२२ ला त्यांच्याबरोबर त्याने कप जिंकला. लेबनीज आईबापांचा हा मुलगा तो कप घेऊन ऑंटारिओतल्या आपल्या लंडन गावी आला आणि तिथल्या मशिदीतही गेला. ते फोटो बघताना मला आनंदही झाला आणि त्रासही. तो आपल्याच संघाचा मुलगा होता हो.

काद्रीचं नाव घेतलंच आहे, तर तुमच्या ‘बाहेरून आलेली माणसं’ या मुद्द्याला उत्तर देतो. तो वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही माझ्याआधी कितीतरी वर्षं इथे आलात आणि अजूनही स्वतःला दारातच उभं समजता. इथे हॉकी नाईट इन कॅनडा या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबीतून समालोचन होतं, हरनारायण सिंगचा आवाज आता इंग्रजी प्रक्षेपणातही ऐकू येतो. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत जानेवारीच्या अंधारात पहाटे उठून मुलांना रिंकवर सोडणारे आईवडील आहेत. मी स्वतः स्केट्सवर उभा राहायला इथे येऊन शिकलो. पण कधी शिकलो नसतो तरी हक्क तेवढाच राहिला असता. जो संघ आपल्याकडून जर्सीचे, केबलचे, तिकिटाचे पैसे घेताना आडनाव विचारत नाही, त्याला जाब विचारताना मी माझं आडनाव आड का येऊ द्यावं?

मार्नरबद्दल. त्याला मिळालेल्या शिव्यांचं मी कधीही समर्थन केलेलं नाही. फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात बर्फावर जर्सी फेकणारे आणि समाजमाध्यमांवर खेळाडूच्या कुटुंबापर्यंत पोचणारे लोक माझ्या बाजूचे नाहीत. ज्या मुलाचं बालपण याच परिसरात लीफ्स बघत गेलं, त्याच्या घराला सुरक्षा लावायची वेळ यावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मला राग आहे तो करारावर. २०२३ च्या जुलैपासून त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येणार नाही असं कलम लागू झालं. ते कधी लागू होणार हे २०१९ पासून कागदावर होतं. त्याआधी मोठा निर्णय घेता आला असता, त्याच्या बदल्यात चांगला बचावपटू आणि ड्राफ्ट पिक मिळाले असते. तो मुहूर्त गेला. शेवटी २०२५ च्या जूनअखेर सीझनला १०२ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) करणारा खेळाडू व्हेगसला गेला आणि बदल्यात आला निकोलस रॉय. रॉय कामाचा सेंटर आहे, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. पण मार्नरच्या जागी हाती एवढंच लागावं, यात चूक मार्नरची नाही.

‘पाठीशी उभं राहा’ हा तुमचा शेवटचा आणि मला सर्वांत जास्त लागलेला शब्द. काका, हॅरोल्ड बॅलार्डचा काळ तुम्ही पाहिलाय. १९७२ पासून १९९० मध्ये मरेपर्यंत मालकी त्याच्याकडे होती, मध्ये फसवणूक आणि चोरीबद्दल तुरुंगात जाऊन आला. त्याच्या काळात १९७९ च्या डिसेंबरमध्ये लॅनी मॅक्डोनाल्डला कोलोरॅडोला धाडलं, तेव्हा त्याचा मित्र आणि कर्णधार डॅरिल सिटलरने आपल्या जर्सीवरचं कर्णधारपदाचं अक्षर काढून टाकलं. एका सामन्यात दहा गुणांचा विक्रम करणारा हा माणूस. त्या वेळी गार्डन्सबाहेर लोक निषेध करत उभे राहिले होते. ते लोक कमी निष्ठावान होते असं तुम्ही म्हणाल का? मला तर वाटतं, त्या थंडीत रस्त्यावर उभे राहिलेले लोकच संघाच्या पाठीशी होते. आत खुर्च्या भरतच राहिल्या आणि बॅलार्डला कधी कुणाची भीती वाटली नाही.

हीच माझी खरी तक्रार आहे. १९६७ पासून कप नाही, तरी तिकिटं जातात, भाव चढतात, हंगामी तिकिटांसाठी लोक ताटकळतात. कुठल्याही धंद्यात गिऱ्हाईक जाणारच नाही अशी खात्री असली की माल सुधारायची घाई कुणाला नसते. मॅनेजर आणि प्रशिक्षक बदलले, पण ब्रेंडन शनाहान अध्यक्ष म्हणून २०१४ पासून २०२५ च्या मेपर्यंत राहिला. अकरा वर्षं, दोन मालिका. २०२५ मध्ये मालकीतही रॉजर्स या केबल-टीव्ही कंपनीचा वाटा वाढून मोठा झालाय. नवे मालक हॉकीकडे संघ म्हणून बघतात की टीव्हीवरचा माल म्हणून, हे त्यांच्या पहिल्या दोन-तीन निर्णयांवरून कळेल, आणि त्या निर्णयांवर मी लिहिणारच आहे.

सालमिंगची आठवण तुम्ही काढलीत त्याबद्दल आभार. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजाराने खंगलेला सालमिंग बर्फावर आला आणि सिटलरने रडत रडत त्याचा हात धरून वर उचलला, तेव्हा आख्खं अरीना उभं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो गेला. त्या माणसाने सोळा सीझन या संघासाठी मार खाल्ला आणि त्याला कप मिळाला नाही. मला मॅथ्यूजच्या बाबतीत तसं व्हायला नकोय. त्याने २०२३-२४ ला ६९ गोल केले, कर्णधारपद घेतलं, आणि त्याची उमेदीची वर्षं चाललीत. म्हणून मी ओरडतो.

तेव्हा ‘बघूच नका’ हे काही माझ्याच्याने होणार नाही.  मार्नरच्या जाण्याने मोकळे झालेले पैसे कुणावर लावतात आणि तिसऱ्या फळीत कोण उतरतो याकडे माझं लक्ष असेल. तुम्ही मात्र एका प्रश्नाचं उत्तर द्या, मी ते जसंच्या तसं छापीन: २०२१ ला माँट्रियलकडून हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षाच्या खुर्चीत तुम्ही असता, तर त्या चौघांपैकी कुणाला ठेवलं असतंत आणि कुणाला जाऊ दिलं असतंत?