देवीला मान, पण बाईला काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, नायजेरियातल्या योरुबांची नदीदेवता ओशुन आणि झिम्बाब्वेची नेहांडा यांच्यावर मी भारावून लिहिलं. पण देवीची पूजा होते म्हणून बाईला किंमत येत नाही, हे आपण आपल्याच घरात पाहिलेलं आहे. आणि घानातल्या त्रोकोसीबद्दल मी अवाक्षरही काढलेलं नाही.

त्रोकोसीचा आक्षेप पूर्ण मान्य. घरातल्या कुणाच्या तरी अपराधाची भरपाई म्हणून कोवळी मुलगी देवस्थानाला द्यायची, तिने तिथे राबायचं आणि वयात आली की पुजाऱ्याची व्हायचं, अशी ही एवे लोकांमधली प्रथा. घानाने १९९८ मध्ये ती कायद्याने गुन्हा ठरवली. जोगतिणी आणि देवदासींबद्दल ऐकत मोठी झालेली मी, मला हे आपणहून सुचायला हवं होतं. मूळ लेखात हा भाग आज घालते आहे.

ओशुनच्या बाबतीत तर माझी चूक तुम्ही म्हणता त्याहून मोठी आहे. योरुबांचा परमेश्वर ओलोडुमारे याने सतरा देवता पृथ्वीवर धाडल्या, सोळा पुरुष आणि एकटी ओशुन, ही कथा मी सांगितली होती. सोळा जणांनी तिला कशातच विचारलं नाही आणि त्यांचं एकही काम तडीस जाईना. हात हलवत परत गेले, तर ओलोडुमारेने विचारलं, सतरावी कुठे आहे? मग तिच्या मनधरण्या सुरू झाल्या. इथे मी थांबले होते. पुढे असं आहे की ती गर्भार असते आणि अट घालते: मुलगा झाला तर तो तुमच्यात येईल, मुलगी झाली तर माझा तुमचा संबंध संपला. मुलगा होतो आणि सगळं मार्गी लागतं. म्हणजे देवीचा रुसवा निघाला तोही मुलाच्या जन्माने. हे मी गाळलं, कारण ते माझ्या लेखाला सोयीचं नव्हतं.

तरीही ही कथा मला महत्त्वाची वाटते. ती इफाच्या, म्हणजे योरुबांच्या भविष्यकथनाच्या परंपरेच्या, पाठांतरात आहे, आणि ते पाठांतर पिढ्यानपिढ्या मुख्यतः पुरुष पुजाऱ्यांनी, बाबालावोंनी जपलं. बाईला डावललं तेव्हा आपलं सगळं फसलं, हे ते स्वतःच्या तोंडाने म्हणत आले. बायकांनी इफाची पूर्ण दीक्षा घ्यावी की नाही यावर योरुबांमध्ये आजही वाद चालतो, आणि त्यात ही कथा माझ्या मते बायकांच्या बाजूची आहे.

नेहांडाच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. ती नुसती पूजेची देवी नव्हे. नेहांडा हा शोना लोकांचा एक पूर्वजआत्मा, आणि गोऱ्यांच्या राजवटीविरुद्धच्या १८९६ च्या उठावाच्या वेळी तो जिच्या अंगात यायचा ती चार्वे ही हाडामांसाची बाई. ‘अंगात येणं’ हे आपण नाक मुरडून म्हणतो. तिथे अशा व्यक्तीला स्विकिरो म्हणतात, आणि पावसापासून लढाईपर्यंत तिच्या शब्दाला वजन असतं. पोलार्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या खुनाचा आरोप ठेवून गोऱ्या सरकारने तिला २७ एप्रिल १८९८ रोजी फाशी दिली. तिच्याबरोबरच्या कागुवी या पुरुष स्विकिरोने मरणाआधी बाप्तिस्मा घेतला. तिने पाद्र्याला शेवटपर्यंत दाद दिली नाही. दोघांचा तुरुंगातला फोटो आहे, भिंतीला पाठ करून उभे असलेले. तो एकदा बघा, मग तिला नुसतं ‘प्रतीक’ म्हणता येतं का ते सांगा.

ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही असं उदाहरण तुम्ही दिलेलं नाही, म्हणून मीच देते. सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांची सांडे ही बायकांची संस्था. आफ्रिकेत मुखवटा घालून नाचण्याचा हक्क जवळजवळ सगळीकडे पुरुषांचा; गेलेडे या मुखवटानाचात योरुबा ‘आपल्या आयांचा’ गौरव करतात, तरी मुखवट्याखाली पुरुषच असतो. सांडेत तो बाई घालते. काळा, चकचकीत, बारीक ओठ मिटलेले, मानेवर वळ्यांवर वळ्या, डोक्यावर देखणी केशरचना. आणि मुलींना दीक्षा देताना त्यांची सुंता करणारी संस्थाही हीच, करणाऱ्या बायकाच. २०१९ च्या सर्वेक्षणात तिथल्या १५ ते ४९ वयातल्या ८३ टक्के स्त्रियांची सुंता झालेली होती. इथे सत्ता बाईच्या हातात आहे, पूर्ण आहे, आणि ब्लेडही त्याच हातात आहे. अलीकडे काही जणी रक्त न सांडता दीक्षा देऊ लागल्या आहेत, बाकी सगळे विधी तसेच ठेवून. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

तोवर त्रोकोसीतून सुटलेल्या बायकांविषयी तुम्ही काही वाचलं असेल तर इथेच खाली नक्की लिहा.