इथिओपियाला कुणी ‘सोडून दिलं’ नव्हतं

व्हॉट्सअ‍ॅपवर आफ्रिकेबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इथिओपिया कधीच कुणाची वसाहत झाला नाही, कारण त्याला समुद्र नाही, तिथे घेण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तिकडे कुणी फिरकलंच नाही. ज्यांनी जीव देऊन देश राखला, त्यांचं श्रेय असं नकाशाच्या नावावर जमा केलेलं मला बघवत नाही.

आधी समुद्राचं. आफ्रिकेत आज 16 भूवेष्टित देश आहेत. चाड, नायजर, माली, युगांडा, झांबिया अशा बाकीच्या पंधराही ठिकाणी युरोपीय सत्ता पोहोचली आणि टिकली. उलट त्या काळात स्वतंत्र राहिलेला दुसरा देश, लायबेरिया, थेट अटलांटिकच्या काठावर आहे. इथिओपियाचा आजचा किनारा नसलेला नकाशा तर 1993 चा, इरिट्रिया वेगळा झाल्यानंतरचा. त्याआधी अस्साब आणि मस्सावा ही बंदरं त्याच्याकडे होती. आणि एकोणिसाव्या शतकात? 1885 पासून मस्सावात इटली तळ ठोकून बसली होती. समुद्र हातात नसणं ही ढाल कसली, शत्रू त्याच समुद्रावरून आत येत होता.

‘कुणी फिरकलंच नाही’ हे तर मुंबईच्या माणसाने तरी पुढे पाठवू नये. इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोसने ब्रिटिश दूताला कैदेत टाकलं, तेव्हा 1867-68 मध्ये मोहीम निघाली ती मुंबई इलाख्यातून. मुंबईच्या फौजेचा सेनापती नेपियर, सुमारे 13 हजार सैनिक आणि तोफा वाहायला हिंदुस्थानातून नेलेले 44 हत्ती. तेवोद्रोसचा डोंगरी किल्ला मग्दला पडला, त्याने स्वतःवर गोळी झाडली, कैदी सुटले आणि फौज परतली. पुढे 1875-76 मध्ये इजिप्तने दोनदा सैन्य पाठवलं, दोन्ही वेळा मार खाल्ला.

मग इटली. 1889 च्या वुचाले कराराच्या दोन प्रती होत्या. 17 व्या कलमात अम्हारिक प्रत म्हणत होती की परराष्ट्रांशी बोलताना सम्राट मेनेलिक हवं तर इटलीची मदत घेऊ शकतील. इटालियन प्रतीनुसार ती घ्यावीच लागणार होती. एका क्रियापदावर देश गिळायचा डाव! मेनेलिकने करार झुगारला आणि बंदुका जमवल्या, त्यांतल्या काही खुद्द इटलीकडूनच आलेल्या होत्या. मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन शिबंदी घट्ट बसली होती, तेव्हा राणी तैतूने किल्ल्याबाहेरचा झरा ताब्यात घ्यायची युक्ती काढली. पाणी तुटलं आणि किल्ला सोडावा लागला.

1 मार्च 1896, अदवा. इटलीचे सतरा हजारांच्या आसपास सैनिक रात्रीच डोंगरातून निघाले. हातातल्या कच्च्या नकाशात एका टेकडीचा घोळ होता, त्यामुळे एक ब्रिगेड बाकीच्यांपासून कितीतरी पुढे एकटी जाऊन पडली. समोर सुमारे लाखाची फौज. दुपारपर्यंत इटलीचा धुव्वा उडाला आणि त्याच वर्षी तिने इथिओपियाचं स्वातंत्र्य लेखी मान्य केलं. डोंगरांनी मदत केली, हे मीही मान्य करतो. पण ते डोंगर ज्यांना पाठ होते, त्यांना केली.

‘घेण्यासारखं काही नव्हतं’ याला फार शब्द नकोत. कॉफीचं मूळ घर, ताना सरोवरातून निघणारी निळी नाईल, थंड हवेचं सुपीक पठार. आपले भूमिहीन शेतकरी तिथे वसवायचे हे इटलीचं उघड स्वप्न होतं.

राहिला ‘कधीच’ हा शब्द. तोही जपून वापरायला हवा. अदवाचा सल मनात ठेवून मुसोलिनीने 1935 मध्ये पुन्हा हल्ला केला, विमानांतून विषारी वायू सोडला आणि 5 मे 1936 ला अदिस अबाबा घेतलं. तेव्हाचे सम्राट हायले सेलासींनी जिनिव्हाला जाऊन राष्ट्रसंघापुढे दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. इकडे डोंगराळ भागांत लढणारे मात्र पाच वर्षं थांबले नाहीत. 1941 मध्ये ब्रिटिश फौजांच्या साथीने इटलीला हुसकावलं गेलं आणि सम्राट राजधानीत परतले, तेही 5 मे लाच.