मंगळावरचं हाड आणि आमचा फॅमिली ग्रुप

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तोच फोटो. लालसर माती, त्यात मांडीच्या हाडासारखा दगड, भोवती पिवळा गोल आणि खाली 'नासा हे लपवतेय! सगळ्यांना पाठवा.' निम्म्या ग्रुपने हात जोडलेत. कुणाला, हाडाला?

अरे, २०१४ चा फोटो आहे तो. क्युरिऑसिटी या मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाडीने काढला आणि नासानेच सगळ्या जगाला फुकट दाखवला. लपवायचं असतं तर टाकला असता का? हा झिजलेला दगड आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

आमच्या मामांनी बार्शीकडं विहीर खणली तेव्हा एक पांढरट गारगोटी फुटली आणि आत काळं झाड! फांद्या, पानं, सगळं. गाव गोळा झालं. मामींनी दगड देवघरात ठेवला. मी तेव्हा कॉलेजला होते, भूगोलाच्या सरांना दाखवायला घेऊन गेले. सर हसले नाहीत. भिंग लावून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, झाड नाही हे. भेगांमधून मँगनीजचं पाणी झिरपलं की अशी नक्षी उमटते. आपला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. दोन थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात, पण ते असे नसतात.

मंगळावरच्या दगडाचंही तसंच, दिसतं एक, असतं दुसरंच. तिथं अब्जावधी वर्षं वारा दगड घासतोय. एखादा दगड हाडासारखा झिजणारच की! आणि हाड म्हणजे काय गंमत आहे? पृथ्वीवर जीव येऊन साडेतीनशे कोटी वर्षं झाली, हाडं आली ती गेल्या पन्नासेक कोटी वर्षांत. मंगळावर थेट मांडी?

१९७६ ला नासाच्या वायकिंग यानाने काढलेल्या मंगळाच्या फोटोत असाच 'चेहरा' दिसला होता. २००१ मध्ये चांगल्या कॅमेऱ्याने बघितलं तर साधी टेकडी निघाली.

शास्त्रज्ञही वाहवत जातात, मान्य. १९९६ ला मंगळावरून आलेल्या उल्केत जीवाश्मांच्या खुणा असाव्यात असं नासाच्याच लोकांनी सांगितलं, अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन टीव्हीवर बोलले आणि पुढं बहुतेकांना ते पटलं नाही. घ्या, एक गुण तुमचा.

पण खरा राग वेगळाच आहे. २०२४ मध्ये नासाच्या पर्सिव्हरन्स या दुसऱ्या गाडीला मंगळावर चेयावा फॉल्स नावाच्या खडकावर ठिपके सापडले. पृथ्वीवर तसे ठिपके सूक्ष्मजीवांमुळे होतात, नुसत्या रसायनांनीही होऊ शकतात. वर्षभर डोकं फोडून २०२५ मध्ये शोधनिबंध आला, त्यातही शब्द काय, तर जीवसृष्टीची 'संभाव्य' खूण. एवढी मोठी बातमी! कुणी फॉरवर्ड केली? कुणी नाही. हाड नव्हतं ना त्यात.

मामांवर मात्र मला कधीच राग आला नाही. सरांचं उत्तर त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग एवढं मँगनीज आलं कुठनं?" दगड अजून देवघरात आहे, हळदकुंकू लावलेला. असू दे. मामांनी कधी कुणाला म्हटलं नाही की सर लपवतायत. फोटोत हाड दिसणाऱ्यांशी माझं भांडण नाहीच, दिसतं खरं. लपवतायत म्हणणाऱ्यांशी आहे.

दादा, तू टाकलायस ना फोटो? मूळ फोटो नासाच्या साइटवर आहे, पूर्ण, न कापलेला. आजूबाजूचे दगड बघ आणि मग बोल. रविवारी हुरड्याला येतोयस, तिथं भांडू. शेंगा चटणी मी आणते.